माणूस एक, पत्ते चार

(वाशीमला तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण. बोललो तसंच उतरवलं आहे.)

दोस्तांनो, आणि मागं उभ्या असलेल्या ताईंनो,

मी गोदीत काम करतो. ठेकेदाराच्या टोळीत. मॅट्रिक झालो, पुढं पोटानं शिकू दिलं नाही. कविता लिहितो, म्हणून तुम्ही मला बोलावलं. पण कविता नंतर. आज मी यादीबद्दल बोलणार आहे. हसू नका. आपल्या सभांची, अंकाची ई-मेलची यादी माझ्याकडं आहे, आणि त्या यादीनं एका पोराची नोकरी खाल्ली. यादीनं कशाला, मीच खाल्ली.

गोदीत माल उतरताना टॅली क्लार्क उभा असतो. एक नग दोनदा मोजला तरी बोंब, एक राहिला तरी बोंब. कंटेनरवर चार अक्षरं आणि सात आकडे असतात. शेवटचा आकडा कशासाठी, तर आधीचं सगळं बरोबर आहे का ते तपासायला. जगातल्या कुठल्याही बंदरात जा, त्या डब्याचा नंबर तोच. लोखंडाच्या डब्याची एवढी काळजी. आणि आपल्या माणसाची?

आपल्या जिल्ह्यातला कुठलाही पोरगा घ्या. मानोऱ्याचा घ्या, रिसोडचा घ्या. शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायला नेटकॅफेत गेला. कॅफेवाल्यानं त्याच्या नावानं ई-मेल काढला आणि पासवर्ड स्वतःच्या वहीत लिहिला. हा पत्ता पहिला. मग फोन घेतला, दुकानदारानं दुसरा काढून दिला. मग पोरगा चळवळीत आला. त्यानं स्वतःच्या हातानं तिसरा काढला आणि नावाच्या आधी जयभीम लिहिलं. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचा पत्ता स्वतः ठरवला! मग कामासाठी पुण्याला, मुंबईला गेला. अर्जावर तो पत्ता लिहायला हात धजेना. म्हणून चौथा काढला. त्यात जयभीम नाही, आडनावसुद्धा नाही.

हा चौथा पत्ता कुणी काढायला लावला? तुम्ही म्हणाल, यंत्राला जात कळत नाही. यंत्राला नाही कळत. यंत्राच्या पलीकडं खुर्चीत बसलेल्याला कळते.

१९७१ साली अमेरिकेत रे टॉमलिन्सन नावाच्या इंजिनिअरनं एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर पत्र धाडलं. नाव आणि ठिकाण वेगळं कळावं म्हणून त्यानं मध्ये ॲटची खूण घातली. पुढच्याच साली, १९७२ ला, मुंबईत पँथर उभी राहिली आणि त्याच साली १५ ऑगस्टला टपालखात्यानं पिनकोड आणला. नाव आणि ठिकाण. टॉमलिन्सनला ते पत्र पोचवायला लागलं. आपल्याला हे दोन प्रश्न गावाच्या वेशीवर कधीपासून विचारतात. नाव काय? राहतो कुठं? पत्र पोचवायला नाही, माणूस बाहेर ठेवायला.

आता माझा गुन्हा सांगतो.

एका सभेचं बोलावणं धाडायचं होतं. एका दोस्ताच्या नावापुढं माझ्याकडं तीन पत्ते होते. मी त्याचं नाव गटात टाकलं. त्या तिनातला कोणता उचलला गेला हे मी बघितलं नाही. उचलला गेला तो त्याच्या कामाच्या ठिकाणचा. त्यावर कडी म्हणजे सगळे पत्ते मी 'प्रति'च्या रकान्यात टाकले. सगळ्यांना सगळे दिसले. ते पत्र त्याच्या साहेबापुढं गेलं. आठवड्यानं त्याला सांगितलं, उद्यापासून येऊ नको. कारण दुसरंच दिलं. कारण नेहमी दुसरंच असतं.

मी त्याच्या खोलीवर गेलो. तो म्हणाला, "भाऊ, पत्ते म्या तुमाले देल्ले. कोनता कायच्यासाठी हाय, हे एकडाव इचारलं असतं त..." पुढं बोलला नाही. चहा ठेवला.

दुसरी गोष्ट एका ताईची. कारंज्याकडची. वर्षभर सभेला आली नाही. आपण बैठकीत काय म्हणालो? ती थंडावली. संसारात पडली. मीही मान हलवली. मग ती एका लग्नात भेटली. म्हणाली, "मले काहून कोणी बोलावत नाई?" वर्षभर तिची पत्रं कॅफेवाल्यानं काढलेल्या पत्त्यावर जात होती. तो पत्ता जिवंत होता, म्हणून एकही पत्र परत आलं नाही. पण पासवर्ड त्या वहीत, आणि कॅफे बंद पडलेलं. ती आमची वाट बघत होती आणि आम्ही तिच्यावर शेरा मारून मोकळे झालो होतो.

तेव्हा मी यादी घेऊन बसलो. वाशीमकडं आपले दोनशे आहेत, असं आपण मुंबईत छाती फुगवून सांगत होतो. दोनशे पत्ते होते. माणसं निघाली एकशे बारा. साध्या जीमेलवरून एका दिवसात ५०० पत्त्यांपर्यंतच पत्र जातं. माणशी तीन पत्ते धरले तर १६६ माणसांतच गाडी थांबली. उरलेल्यांनी काय करायचं?

आता मी काय करतो ते सांगतो. कुणीही करू शकतं, मॅट्रिकवाला करतोय.

ओळ माणसाची, पत्त्याची नाही. एका माणसाला एक ओळ. त्याच ओळीत त्याचे सगळे पत्ते, आणि प्रत्येकापुढं तीन गोष्टी : हा कशासाठी, पासवर्ड कुणाच्या हातात, शेवटी उत्तर कधी आलं.

यादी एक नाही, तीन. सभेची, अंकाची, नोकरी-शिष्यवृत्तीच्या खबरीची. तोच माणूस तिन्हीत असेल, पण प्रत्येकीत त्याचा एकच पत्ता, आणि तो त्यानं सांगितलेला. कामाच्या ठिकाणचा पत्ता चळवळीच्या यादीत बिलकुल नाही.

फोन विचारतो, ही दोन नावं सारखी आहेत, एक करू का? डोळे मिटून हो म्हणू नका. आपल्या वस्त्यांत एका नावाची, एका आडनावाची चार-चार पोरं. यंत्र दोन माणसांचा एक करून टाकतं. उलट जीमेलच्या पत्त्यात मध्ये टिंब असलं काय, नसलं काय, पत्ता एकच. तिथं दोन दिसतात आणि डबा एकच असतो.

पत्र धाडताना पत्ते गुप्त प्रतीच्या रकान्यात. 'बीसीसी' लिहिलेलं असतं ते. कुणाला कुणाचा पत्ता दिसता कामा नये.

आणि दर सहा महिन्यांनी फोन करा. गूगलनं २०२३ साली नियम केला, दोन वर्षं न उघडलेलं खातं ते पुसून टाकू शकतात. आपली माणसं ऊसतोडीला जातात, बांधकामावर जातात, रिचार्जला पैसे नसले की सिम बंद पडतं. बंद पडलेला नंबर ९० दिवसांनंतर दुसऱ्याला मिळू शकतो. मग ई-मेल उघडायचा आकडा त्या दुसऱ्याच्या फोनवर जातो आणि आपला माणूस स्वतःच्याच दाराबाहेर उभा.

कुणी म्हणालं माझं नाव काढा, तर काढा. का म्हणून विचारू नका. ज्याला भाकरीसाठी नाव लपवावं लागतं त्याला भित्रा म्हणायचा हक्क आपल्याला नाही. लाज त्याला लपवायला लावणाऱ्यांची.

त्या दोस्ताला आता दुसरं काम आहे, पगार कमी आहे. परवा त्याचं पत्र आलं. जयभीमवाल्या पत्त्यावरून. लिहिलं होतं, सभेचं कळवत जा, पण याच पत्त्यावर. मी त्याच्या ओळीत तारीख लिहिली.

आता वही फिरवतो. कागदावर नाव लिहा, पत्ता लिहा. आणि तो कशासाठी, ते पुढं लिहा. तेवढं झालं की कविता म्हणतो.

जयभीम.