माप एकाच कोपऱ्यापासून
(गणेशोत्सवातील ‘आमचा छंद’ या कार्यक्रमात केलेले भाषण)



मी रुळांची मापे घेणारा डिप्लोमावाला इंजिनिअर. भाषण हा माझा प्रांत नाही. मंडळाने आग्रहच केला, म्हणून लिनोच्या छापचित्रांबद्दल दोन शब्द सांगतो.

जवसाचे तेल, राळ, बुचाचा आणि लाकडाचा भुसा तागाच्या कापडावर बसवला की लिनोलियम होते. मुळात ते जमिनीवर अंथरायचे. नंदलाल बोस यांनी १९३० मध्ये काठी घेऊन निघालेले गांधीजी लिनोवरच कोरले. तिथे शाई काळी, ठोकळा एकच. रंगीत चित्राला मात्र सहसा रंगागणिक वेगळा ठोकळा लागतो. लंडनच्या सिरिल पॉवर यांनी १९३२ च्या सुमारास भुयारी रेल्वेचे स्टेशन असेच अनेक ठोकळ्यांतून छापले.

मी गेल्या वर्षी पावसातले स्टेशन करायला घेतले. पिवळा, निळा, काळा असे तीन ठोकळे. निळ्यात ढग हवे होते. कोरणीने रेघ स्वच्छ येते, पण ढगाचा मऊपणा येत नाही. तिथे कॉस्टिक सोडा कामाला येतो. जो भाग गुळगुळीत ठेवायचा त्यावर मेण लावायचे आणि उरलेल्यावर सोड्याचे पाणी काही तास राहू द्यायचे. सोडा लिनोतल्या तेलाचा साबण करतो. ठोकळा धुतला की खरबरीत पृष्ठभाग उरतो आणि छाप दाणेदार उमटतो. रबरी हातमोजे आणि चष्मा हवाच. सोडा पाण्यात थोडा थोडा टाकायचा, सोड्यावर पाणी कधीही ओतायचे नाही. अ‍ॅल्युमिनियमचे भांडे तर मुळीच नको.

छापताना फिका रंग आधी, काळा शेवटी. शाई पारदर्शक असली तर पिवळ्यावर निळा चढून हिरवा आपोआप मिळतो.

ढग छान आले, पण घात दुसरीकडे झाला. निळा ठोकळा मी नजरेने पिवळ्या छापाशी जुळवला आणि काळा निळ्याशी. दर वेळी चूक जेमतेम एक मिलिमीटर. शेवटी सिग्नलचा दिवा खांब सोडून हवेत! पंचवीस कागद वाया गेले. मुलगी म्हणाली, “बाबा, तुमची गाडी घसरली.”

हसलो, पण झोप लागेना. माप मूळ खुणेपासून घ्यायचे, मागच्या मापापासून नाही, नाहीतर चूक साचत जाते. याच चुकीसाठी त्याच आठवड्यात मी एका नव्या पोराला चारचौघांत बोललो होतो.

मग फळीवर काटकोनात दोन पट्ट्या ठोकल्या. ठोकळा आणि कागद दर वेळी त्याच कोपऱ्याला टेकवले. दुसरी खेप नीट जुळली.

त्या पोराला मात्र मी चांगला छाप दाखवला नाही. फसलेला कागद नेऊन चारचौघांतच त्याच्या हातात दिला आणि म्हणालो, “ही माझी चूक.” आता तो मला माप विचारायला घाबरत नाही.

दोन्ही छाप मंडपात लावले आहेत. फसलेला आधी पाहा.

गणपती बाप्पा मोरया!