गच्चीवरचे विमान



बैलगाडी हाकणाऱ्याला एक गोष्ट शिकवावी लागत नाही. ओझे मागे फार झाले की गाडी उलाळ होते, पुढे फार झाले की धुरजड. विमानाचेही तसेच आहे. भार ठरल्या जागेच्या मागे गेला तर नाक वर उचलते, वेग पडतो आणि पंखांची उचल नाहीशी होते. गाडी थांबवून पोती पुढे सरकवता येतात. आकाशात ती सोय नाही. म्हणून हौसेने विमान बांधणाऱ्याच्या धाडसाआधी त्याच्या हिशेबाकडे पाहावे.

असा एक हौशी माणूस आपल्या महाराष्ट्रातला आहे. कॅप्टन अमोल यादव हे व्यवसायाने वैमानिक. त्यांचे आधीचे प्रयत्न उड्डाणापर्यंत पोचले नव्हते. तरी त्यांनी मुंबईत, कांदिवलीच्या चारकोप भागात, राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचे विमान बांधले. फेब्रुवारी 2016 मध्ये ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनासाठी ते सुटे करून क्रेनने खाली उतरविले. पाहणाऱ्यांची गर्दी झाली, वाहवा झाली. पण विमान जमिनीवरच राहिले! नोंदणी मिळाली ती नोव्हेंबर 2017 मध्ये, चाचणी उड्डाणाची परवानगी ऑक्टोबर 2019 मध्ये. अखेर 2020 साली त्याची चाके जमीन सोडून वर उचलली, ती आपल्या खानदेशात, धुळ्याच्या विमानतळावर.

हा विलंब पाहून सरकारी कचेरीला दोष देणे सोपे आहे. पण ज्याच्या घरावरून ते विमान जाणार, त्याचाही जीव मोलाचा आहे. प्रश्न परवानगी द्यावी की नाही एवढाच नाही. पारख कशी आणि किती काळात करावी, हा आहे.

अमेरिकेत यासाठी वेगळा वर्ग आहे. विमानाचे निम्म्याहून अधिक काम स्वतःच्या शिक्षणासाठी वा हौसेसाठी केलेले असले, तर तपासणीनंतर ‘प्रायोगिक’ म्हणून त्याची नोंद होते. आरंभीची उड्डाणे विरळ वस्तीच्या प्रदेशातच करावी लागतात. पॉल पोबेरेझ्नी यांनी 1953 साली विस्कॉन्सिनमध्ये अशा हौशी मंडळींची संघटना काढली. ऑशकॉश गावी तिचा दरवर्षी मेळा भरतो. घरी बांधलेल्या विमानांशेजारी दुसऱ्या महायुद्धातील, जिवापाड जपलेली लढाऊ विमानेही तेथे उभी असतात. विमान बांधणारे एकमेकांना बांधणीतल्या अडचणी विचारतात. एकाची चूक कळली, म्हणजे दुसऱ्याचा जीव वाचतो.

आपण मात्र अभिमान चटकन बाळगतो. शिवकर बापूजी तळपदे यांनी 1895 साली चौपाटीवर विमान उडविल्याची कथा आपण सांगतो. तिला भरवशाचा समकालीन पुरावा नाही. पुराव्यावाचूनचा अभिमान हाही एक मागे लादलेला भारच होय.

खानदेशातल्या एखाद्या मुलाने उद्या यंत्र बांधायला घेतले, तर त्याला वेड्यात काढू नका आणि हारही घाईने घालू नका. त्याचा हिशेब तपासणारा जाणता माणूस, सुरक्षित मोकळी जागा आणि वेळेवर मिळणारे उत्तर, एवढे त्याला मिळवून द्या. उत्तर ‘नाही’ असले तरी चालेल. पण ते कारणासह असावे, म्हणजे त्याला पुन्हा कामाला लागता येईल.