मूठ उघडत नव्हती, आणि मी एक्सेल भरत होतो

कोणी बसमध्ये असाल, कोणी जेवणाच्या सुट्टीत असाल. आणि कोणीतरी असं असेल, जे बाळाला नुकतंच झोपवून, एकाच कानात हेडफोन घालून अंधारात बसलंय. आजचा एपिसोड त्या शेवटच्या माणसासाठी. कारण दीड वर्षापूर्वी तिथे मी बसलेलो होतो.

एरवी आपण इथे नोकरी, इंटरव्ह्यू, कोडिंग असलं बोलतो. आज माझ्या मुलीबद्दल बोलणार आहे. घरी आम्ही तिला चिऊ म्हणतो. बायकोला विचारून बोलतोय, आणि थोडं अवघड जाणार आहे, सांभाळून घ्या.

चिऊ सात आठवडे आधी आली, ३३ व्या आठवड्यात. सोळा दिवस एनआयसीयूमध्ये. काचेच्या पेटीत एवढीशी पोर आणि तिच्यापेक्षा जास्त वायरी. घरी आणली तेव्हा वाटलं, सुटलो. डिस्चार्जच्या फाईलवर लिहिलेलं होतं, अमुक तारखांना फॉलो-अपला या. ती फाईल लक्षात ठेवा, पुन्हा येणार आहे.

आता मी सॉफ्टवेअरवाला माणूस. फोनवर बाळाचं ॲप टाकलं. त्यात दर महिन्याला नोटिफिकेशन: 'तुमचं बाळ आता मान धरत असेल!' चिऊ चार महिन्यांची झाली तरी मान डुगडुगतेय. पाच महिन्यांची झाली तरी पालथी पडत नाही. आमच्या सोसायटीत त्याच महिन्यात झालेला एक मुलगा आहे. तो पालथा पडला, की त्याची आई ग्रुपवर व्हिडिओ टाकायची. मी हार्ट द्यायचो आणि फोन उलटा ठेवायचो. खरं सांगतो, त्या पोराचा राग यायचा मला. पाच महिन्यांच्या बाळाचा राग!

घरातले आपापल्या परीने बोलायचे. एक काकू म्हणाल्या, 'दृष्ट काढा.' एक मामा म्हणाले, 'आमचा दोन वर्षांनी चालला, आता फुटबॉल खेळतो.' आणि एका नातेवाईक बाईंनी बायकोला ऐकवलं, 'पोटात असताना रात्री-रात्री लॅपटॉप घेऊन बसायचीस ना.' त्या रात्री बायको जेवली नाही. मी काय केलं? काहीच बोललो नाही. ते आजही टोचतं.

शेवटी लसीच्या दिवशी बालरोगतज्ज्ञांना विचारलं. ते हसून म्हणाले, 'तुम्ही चुकीच्या घड्याळात बघताय.' मग त्यांनी नीट समजावलं. बाळ लवकर जन्मलं तर त्याचं वय जन्मतारखेवरून मोजायचं नाही, ज्या तारखेला ते यायला हवं होतं त्या तारखेवरून मोजायचं. म्हणजे चाळीस आठवडे पूर्ण झाले असते तो दिवस. साधारण दोन वर्षांची होईपर्यंत असंच. म्हणजे आमची पाच महिन्यांची चिऊ खरं तर साडेतीन महिन्यांची. साडेतीन महिन्यांच्या बाळाने मान थोडी हलवली तर काय बिघडलं?

हा हिशोब कळला आणि माझा जीव भांड्यात पडला. मग मी आणखी वाचलं. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका, या पाच देशांतली निरोगी, पूर्ण दिवसांची बाळं बघून त्यांनी प्रत्येक टप्प्याची खिडकी ठरवली. तारीख नाही हं, खिडकी. आधाराशिवाय बसणं, ३.८ ते ९.२ महिने. हातगुडघ्यांवर रांगणं, ५.२ ते १३.५ महिने. एकट्याने चालणं, ८.२ ते १७.६ महिने. बघा ना, केवढी मोठी खिडकी आहे. एक बाळ नवव्या महिन्यात चालेल, दुसरं सतराव्या महिन्यात, आणि दोन्ही ठणठणीत. त्या अभ्यासात चारेक टक्के मुलं हातगुडघ्यांवर रांगलीच नाहीत. थेट उभी राहिली, किंवा बसल्या बसल्या ढुंगणावर सरकत राहिली.

झालं. मी एक्सेल बनवली. जन्मतारखेचं वय, दुरुस्त केलेलं वय, प्रत्येक टप्प्याची खिडकी. खिडकीत असेल तर हिरवा, बाहेर गेला तर लाल. चिऊ साडेआठ महिन्यांची असताना बसली, म्हणजे दुरुस्त वय सातच्या आसपास. हिरवा. दहाव्या महिन्यात पुढे सरकायला लागली. हिरवा. आता कोणी काही बोललं की मी एक्सेल दाखवायचो. बायकोने काही शंका काढली की म्हणायचो, 'अगं, डेटा आहे आपल्याकडे.'

आणि फॉलो-अप? दोन चुकवले. एकदा माझं रिलीज होतं, एकदा आम्ही गावी होतो. सगळं हिरवंच तर आहे, मग कशाला सुट्टी घालवायची?

आता इथून खरी गोष्ट सुरू होते.

चिऊला तेल लावायला एक मावशी यायच्या. वय साठीच्या पुढे, आमच्या भागातली निम्मी बाळं त्यांच्या पायांवर न्हाली असतील. एक दिवस त्या आंघोळ घालताना म्हणाल्या, 'दादा, हिची ही डावी मूठ उघडत नाही बघा. तेल लावताना मला बोटं सोडवावी लागतात. उजवी कशी फुलासारखी उघडते.' मी लॅपटॉपवरून मान वर न करता म्हणालो, 'मावशी, प्रत्येक बाळ वेगळं असतं.'

तीन आठवडे. पूर्ण तीन आठवडे मी ते वाक्य धरून बसलो. मावशींनी पुन्हा सांगितलं. बायकोनेही सांगितलं, की बसली की डावीकडेच कलंडते. मी म्हटलं, बसतेय ना? हिरवं आहे.

मग एका रविवारी बायकोने मला जमिनीवर बसवलं. चिऊच्या डाव्या हाताजवळ खुळखुळा धरला. चिऊने बघितलं, हसली, आणि उजवा हात छातीवरून पार पलीकडे नेऊन तो खुळखुळा घेतला. डावा हात कोपरात मुडपलेला, अंगठा मुठीत. पुन्हा केलं. पुन्हा तेच. दहा वेळा केलं, दहाही वेळा उजवा हात. मग ती पुढे सरकली आणि त्या दिवशी मला पहिल्यांदा दिसलं, की ती उजव्या हाताने स्वतःला ओढते आणि डावा पाय मागून फरपटत येतो. हे मी एक महिना रोज बघत होतो. व्हिडिओ काढले होते. 'चिऊ सरकायला लागली' असं स्टेटस ठेवलं होतं. बघत होतो, पण दिसत नव्हतं.

आम्ही ते व्हिडिओ घेऊन डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी दोन मिनिटं बघितलं, हातपाय वाकवून बघितले, आणि म्हणाले, 'एक वर्षाच्या आत बाळ डावखुरं किंवा उजवं नसतं. दोन्ही हात सारखेच वापरतं. या वयात एकच हात आवडायला लागला, तर दुसऱ्या हाताला काय झालंय ते बघायचं असतं.' मग मुलांचे न्यूरॉलॉजिस्ट, मग एमआरआय. एवढ्याशा पोरीला झोपेचं औषध देऊन त्या मशीनमध्ये घातलं. आम्ही बाहेर. बायको माझ्याकडे बघत नव्हती.

जन्माच्या आसपास मेंदूच्या उजव्या बाजूला थोडी इजा झाली होती. उजवा मेंदू शरीराची डावी बाजू चालवतो. नाव, सेरेब्रल पाल्सी. त्यातला एका बाजूचा प्रकार, हेमिप्लेजिया. चिऊ तेव्हा अकरा महिन्यांची होती.

बायकोने पहिला प्रश्न विचारला, 'मी गरोदर असताना रात्री काम करायचे, त्यामुळे?' डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, 'नाही. त्याचा याच्याशी काही संबंध नाही.' ती तिथेच रडली. सहा महिने ती ते एकटी घेऊन फिरत होती, मंडळी. आणि मी शेजारी बसून सेलमध्ये रंग भरत होतो.

डॉक्टरांनी आणखी दोन गोष्टी सांगितल्या. एक, ही इजा वाढत जाणारी नाही. दोन, लहान मेंदू शिकण्याच्या बाबतीत जबरदस्त असतो, म्हणून आत्तापासून काम सुरू करायचं. मग फिजिओथेरपी, ऑक्युपेशनल थेरपी. त्यात एक गंमतीचा प्रकार होता. चांगल्या हातात, म्हणजे उजव्या हातात, मोजा घालायचा आणि रोज अर्धा तास डाव्या हातानेच खेळवायचं. चिऊ पहिल्या दिवशी एवढी चिडली, की मोजा दाताने ओढून काढला. मी म्हटलं, बरोबर आहे बाई, मलाही कोणी माउस काढून घेतला तर मी चावेन.

मावशींना मी सगळं सांगितलं. माफी मागितली. त्या म्हणाल्या, 'माफी कशाला, मला कुठं काय कळतंय? हाताला लागलं ते सांगितलं.' हाताला लागलं ते सांगितलं. हे वाक्य मी तेव्हापासून विसरलेलो नाही.

मग चूक कुठे झाली? ती खिडकी चुकीची नव्हती. दुरुस्त वयाचा हिशोबही बरोबरच होता. चूक ही, की मी फक्त 'केव्हा' बघितलं, 'कसं' बघितलंच नाही. सर्व्हर चालू आहे एवढं बघून आपण खूश होतो, आणि आत निम्म्या रिक्वेस्ट फेल होत असतात, तसलं. आधी मी उगाच घाबरलो, मग त्या घाबरण्याची लाज वाटून उगाच निर्धास्त झालो. दोन्ही वेळेला मी पोरीकडे न बघता आकड्यांकडे बघत होतो.

म्हणून आता कामाचं सांगतो. मी डॉक्टर नाही, पण डॉक्टरांकडून शिकलोय ते एवढं.

थोडं मागेपुढे होणं ठीक आहे. पण काही गोष्टी दिसल्या की थांबायचं नाही. चार महिने होऊन गेले तरी मान धरत नाही. नऊ महिने होऊन गेले तरी आधाराशिवाय बसत नाही. दीड वर्ष होऊनही चालत नाही. चार महिन्यांनंतरही मुठी कायम घट्ट बंद. वर्षाच्या आत एकाच हाताचा वापर. अंग खूप ताठ, किंवा उचललं की हातातून निसटेल इतकं सैल. आवाजाकडे वळत नाही. ही सगळी वयं लवकर जन्मलेल्या बाळासाठी दुरुस्त करून मोजायची. आणि एक गोष्ट कुठल्याही वयात, ताबडतोब. आलेली गोष्ट गेली. बसत होतं ते बसेनासं झालं, बोलत होतं ते थांबलं. अशा वेळी 'बघू पुढच्या महिन्यात' करायचं नाही.

व्हिडिओ काढा, पण स्टेटससाठी नाही. समोरून, बाजूने, दोन्ही हातपाय दिसतील असे. दवाखान्यात बाळ एक तर झोपतं नाहीतर रडतं, तिथे काही करून दाखवत नाही. आमच्या घरच्या व्हिडिओंनी दोन मिनिटांत काम केलं.

वॉकर घेऊ नका. तो बसायचा, चाकांचा. त्याने चालणं लवकर येत नाही, उलट उशीर होऊ शकतो, आणि जिन्यावरून पडायची भीती. कॅनडात तर २००४ पासून त्यावर बंदी आहे. बाळाला जमीन द्या. जागं असताना, तुम्ही समोर असताना, पोटावर पालथं ठेवा. झोपवताना मात्र पाठीवरच.

आणि पैशांची अडचण असेल तर हे ऐका. अंगणवाडीत किंवा सरकारी दवाखान्यात जे माता-बाल संरक्षण कार्ड मिळतं, त्यात हे टप्पे चित्रांसकट दिलेले असतात. आपण त्यात फक्त लसी बघतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्या पालघरमधून सुरू झाला. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची त्यात मोफत तपासणी होते, आणि वाढीच्या टप्प्यांमधला उशीर हा त्यातला एक मुख्य भाग आहे. पुढच्या उपचारांसाठी जिल्हा पातळीवर डीईआयसी नावाची केंद्रं असतात. आशाताईंना विचारा, त्या सांगतील.

आणि एनआयसीयूतून आलेलं बाळ असेल, तर हात जोडून सांगतो, फॉलो-अप चुकवू नका. रिलीज पुढे ढकलता येतं.

बाकीच्यांसाठी, म्हणजे काका, मामा, शेजारी यांच्यासाठी एकच. बाळाच्या आईला कारण विचारू नका. 'मी येऊ का दवाखान्यात सोबत?' एवढंच विचारा.

चिऊ आता दोन वर्षं चार महिन्यांची आहे. विसाव्या महिन्यात चालली. डाव्या पायात स्प्लिंट घालते, पाऊल थोडं ओढते, पळताना जास्त कळतं. पुढे काय काय जमेल, ते आम्हाला माहीत नाही. रात्री भीती वाटते अजून, खोटं कशाला सांगू. पण परवा सकाळी ती माझ्या ताटाशी आली. उजव्या हातात बाहुली होती, ती काही सोडायची नव्हती. मग तिने डावा हात पुढे केला. हळू. बोटं एकेक करून उघडली, आणि पोळीचा तुकडा उचलला. अर्ध्या वाटेत पडला. तिने पुन्हा उचलला.

एक्सेलमध्ये याला रकाना नाही. मी ती फाईल उघडून बरेच महिने झाले.

चला, थांबतो. हा भाग एखाद्या नव्या आईबापाला पाठवा, घाबरवायला नाही, सोबत म्हणून. आणि बाळ आत्ता शेजारी झोपलं असेल, तर उठल्यावर फोन बाजूला ठेवा, जमिनीवर बसा आणि थोडा वेळ नुसतं बघा. दोन्ही हातांकडे बघा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.