पावसाच्या गावी, पाऊस नसताना



निवृत्तीनंतर काय करतेस ते सांग, पण दुखण्यांबद्दल बोलायचं नाही, असं संयोजकांनी बजावलंय. तेव्हा मी चेरापुंजीबद्दल बोलते. गेल्या जानेवारीत आम्ही दोघं तिथे जाऊन आलो.

जानेवारीत? सगळ्यांनी हाच प्रश्न विचारला. जगातल्या सर्वांत जास्त पावसाच्या गावी जायचं आणि कोरडं परत यायचं! (आता पहिला मान शेजारच्या मावसिनरामला आहे, पण दोन्हीकडे वर्षाची सरासरी पावणेबारा हजार मिलिमीटरच्या आसपास. आपल्या कोकणात साडेतीन हजार पडला की आपल्या अंथरुणांना बुरशी येते.) अहो, पावसाळ्यात तिथे समोरचा माणूस दिसत नाही. हिवाळ्यात त्या पावसाने काय काय करून ठेवलंय ते दिसतं.

शिलाँगहून गाडीने साधारण पंचावन्न किलोमीटर. तिथली माणसं गावाला सोहरा म्हणतात. आकाश निळंशार, हवेत गारठा, उन्हात बसलं की उठावंसं वाटत नाही. पठाराच्या कडेला उभं राहिलं की जमीन एकदम संपते आणि थेट खाली बांगलादेशची सपाटी दिसते. बंगालच्या उपसागरावरून आलेले ढग ती ओलांडतात आणि या भिंतीवर आदळतात. आपल्या बाई फळ्यावर निळ्या खडूने बाण काढायच्या ना, ते बाण कुठून येतात आणि कुठे थांबतात ते मी तिथे उभं राहून बोटाने दाखवलं. यजमान म्हणाले, परीक्षा संपली, आता चहा घेऊ.

नोहकालिकाई धबधबा ३४० मीटर उंच. जानेवारीत त्याची नुसती बारीक धार असते, पण खालचा डोह हिरवानिळा दिसतो.

आणि पाणी? आम्ही उतरलो त्या घरच्या बाईंनी सकाळी एक बादली गरम पाणी ठेवलं आणि हसत सांगितलं, जपून वापरा. बाहेर टँकर उभा होता! झाडी गेली, माती वाहून गेली, चुनखडीच्या खडकात पाणी ठरत नाही, सगळं खाली निघून जातं. मी त्यांना म्हटलं, आमच्याकडेही एप्रिलमध्ये विहिरी तळाला जातात आणि वाडीवर टँकर येतो. त्यांना ते खरं वाटेना. कोकण समुद्राकाठी आहे हे त्यांना ठाऊक होतं. मग आम्ही दोघी बराच वेळ पाण्याबद्दलच बोललो. त्यांच्याकडे बांबू आणि पानांचं 'कनुप' असतं, पाठीवर घेऊन शेतात वाकायचं. आपलं इरलंच की! ओली सुपारी आणि चुना लावलेलं पान आल्यागेल्याला द्यायची पद्धतही आहे. ती सुपारी मात्र बेतानेच खा, कान तापतात.

आता पुलांचं सांगते. नाँगरियातला दुमजली पूल पाहायला तीन हजारांहून जास्त पायऱ्या उतराव्या लागतात, आणि तितक्याच परत चढाव्या लागतात. ओढ्याकाठच्या रबराच्या झाडाची लोंबती मुळं पोखरलेल्या पोफळीच्या खोडातून पलीकडे नेतात, तिथल्या मातीत रुजू देतात. माणसाचं वजन पेलायला पूल तयार होतो पंधरा-वीस वर्षांनी, कधी त्याहून उशिरा. आपला साकव पावसात कुजतो. हा पावसात वाढतो.

वाटाड्याबरोबर त्याची मुलगी होती, सातवीतली. तिकडे शाळेची मोठी सुट्टी हिवाळ्यात असते. मी विचारलं, पावसाळ्यात ओढा भरला की शाळा बुडते का गं? तिला प्रश्नच कळला नाही. पूल आहे ना, म्हणाली.

शाळेच्या वाटेवरचा आपला साकव आठवतो? दर एक-दोन वर्षांनी वाहून जायचा. पलीकडच्या वाडीतली मुलं जून ते सप्टेंबर अर्धे दिवस गैरहजर. मुलगे पोहून यायचे, दप्तर डोक्यावर. त्या वाडीतल्या दोघी सातवीच्या पावसाळ्यानंतर आल्याच नाहीत. आजच्या यादीतही त्यांची नावं नाहीत, कारण यादी दहावीच्या पटावरून केलीय. मी त्या पुलाच्या वरच्या मजल्यावर बसून त्यांचाच विचार करत होते. एकीची आडनावासकट आठवण आहे, दुसरीचं नुसतं नाव. कुणाला त्यांचा ठावठिकाणा माहीत असेल तर जेवणाआधी मला भेटा.

आणि ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी: नोव्हेंबर ते फेब्रुवारी जा. स्वेटर घ्या, संध्याकाळी सूर्य लवकर मावळतो. गुडघे नको म्हणत असतील तर मावलिनाँगजवळ रिवाईला मुळांचा एक पूल आहे, तिथे थोड्याच पायऱ्या आहेत. येताना संत्री आणा, तिथली छान असतात.