फलटणची पलटण

(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात विद्यार्थी प्रतिनिधीने केलेलं भाषण, जसं झालं तसं.)

व्यासपीठावरचे अध्यक्ष काका, सचिव काका, महिला मंडळाच्या सगळ्या काकू, समोर खुर्च्यांवर बसलेले आजी-आजोबा आणि मागं पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर चढून बसलेली आमची बारकी मंडळी, सगळ्यांना नमस्कार. कठड्यावरून आधी खाली उतरा, मग मी बोलते.

सचिव काका मला म्हणाले, "आजकालची कॉलेजची पोरं दिवसभर करतात काय, ते एकदा सगळ्यांना सांग. आम्हाला तर फक्त मोबाइलमध्ये डोकं घातलेली दिसतात." दहा मिनिटं दिली आहेत. मोबाइलमध्ये डोकं असतं हे खरं आहे. त्यात काय बघतो, तेवढंच सांगते.

मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय भूगोल. भूगोल म्हटलं की समोरचा माणूस विचारतो, "मग पुढं काय, एमपीएससी का?" आमच्या वर्गातले निम्मे हो म्हणतात, उरलेले पोलीस भरती म्हणतात. आमच्या वर्गातल्या चार मुली पहाटे साडेपाचला रस्त्याच्या कडेनं पळतात. भरतीला मुलींना ८०० मीटर धावायचं असतं, १०० मीटर असतं, गोळाफेक असते. साडेसातला घरी जाऊन भाकरी टाकायची, डबा भरायचा, एसटी पकडायची आणि पहिल्या तासाला हजर. तास सुरू झाला की त्यातली एक तरी पेंगते. सर बघतात आणि काही बोलत नाहीत. ७५ टक्के हजेरी लागते, त्यात पेंगणं धरलं जातं का हा प्रश्न अजून कुणी विचारलेला नाही.

फलटणला १९५७ साली मुधोजी महाविद्यालय सुरू झालं. त्याआधी तालुक्यातल्या पोराला पदवी घ्यायची तर बाहेरगावी खोली करून राहावं लागायचं, आणि पोरीचा तर विषयच नको. आज आमच्या वर्गात मुली जास्त आहेत. त्यातल्या बहुतेक खेड्यांवरून एसटीच्या पासावर येतात. त्यांचं सगळं आयुष्य गाडीच्या वेळेवर बांधलेलं. गॅदरिंगची तालीम चारच्या पुढं गेली की एकेक पोरगी हळूच पिशवी उचलायला लागते. नाटकात राणीचं काम करणारी पोरगी राज्याभिषेकाच्या आधीच स्टँडकडं पळाली, असंही आमच्याकडं झालंय.

बाकीचं पटकन सांगते. शिष्यवृत्तीचा ऑनलाइन फॉर्म, त्याची साइट बंद पडणं, उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसीलला खेटे, हे वर्षभर चालू असतं. राष्ट्रीय सेवा योजनेचं सात दिवसांचं शिबिर असतं. तिथं आम्ही बांध घातले, शाळेची भिंत रंगवली आणि पन्नास माणसांची आमटी खारट केली. युवा महोत्सव असतो. आणि प्रॅक्टिकल असतं. आमच्या प्रॅक्टिकलमध्ये जमिनीचं मोजमाप शिकवतात. टेप धरायची, कोन घ्यायचा, कागदावर नकाशा उतरवायचा. हे ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे.

आता मोबाइलकडं येते.

आमच्या कट्ट्यावर दोन धर्म आहेत, मुंबई आणि चेन्नई. आयपीएलच्या दोन महिन्यांत या दोन धर्मांची माणसं एका ताटात जेवत नाहीत. २०२४ च्या जूनमध्ये भारतानं टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकला त्या रात्री मात्र सगळे एका गाडीवर तिघं तिघं बसून चौकात गेले होते, ते तुम्ही इथल्या गॅलरीतून पाहिलंच आहे. कबड्डीत आमची पुणेरी पलटण. नावातच आपण आहोत, फक्त 'फ'चा 'प' झालाय! पलटण २०२४ च्या मार्चमध्ये प्रो कबड्डी जिंकली तेव्हा माझा एक वर्गमित्र दोन दिवस सांगत फिरत होता, की संघ खरा आपलाच, पुणेकरांनी नेला.

पण ही झाली टीव्हीवरची भक्ती. माझी स्वतःची भक्ती जरा वेगळी आहे, आणि ती सुरू झाली याच सोसायटीत, दुसऱ्या मजल्यावर.

२०२१ चा जुलै. कॉलेज बंद, तास मोबाइलवर. टोकियो ऑलिंपिक सुरू झालं, आणि बातमी आली की तिरंदाजीच्या मिश्र सांघिक स्पर्धेत दीपिका कुमारीबरोबर प्रवीण जाधव उतरणार. क्रमवारीच्या फेरीत तो तिन्ही भारतीय पुरुषांत वर आला होता, ३१ वा, म्हणून त्याला संधी मिळाली. प्रवीण जाधव कुठला? सरड्याचा. आपल्या फलटण तालुक्यातल्या सरड्याचा! आई-वडील मजुरी करणारे. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या शिक्षकांनी या पोराला पळायला लावलं, तिथून तो क्रीडा प्रबोधिनीत गेला, तिथं धनुष्य हातात आलं, मग सैन्यात. २४ जुलैला सकाळी आमच्या घरात कुणी चहासुद्धा गाळला नाही. तैवानच्या जोडीला ५-३ नं हरवलं. मग कोरियाशी गाठ पडली, २-६ हरलो. चार दिवसांनी वैयक्तिक सामन्यात त्यानं रशियाच्या बझारझापोव्हला ६-० नं उडवलं. जगात दोन नंबरचा खेळाडू तो! त्याच दिवशी पुढच्या फेरीत अमेरिकेचा ब्रॅडी एलिसन समोर आला आणि ०-६. माझी आजी, जिला तिरंदाजी म्हणजे फक्त अर्जुन माहीत, ती म्हणाली, "हरू दे गं. सरड्याचं पोर जपानात उभं राहिलं, हे काय कमी आहे का?" तो २०२४ ला पॅरिसलाही गेला.

तेव्हापासून मी शोधायला लागले, की आपल्या आसपासचं अजून कोण कुठं खेळतंय. आणि काय सांगू! आसूची वैष्णवी फाळके भारताच्या हॉकी संघात. वाखरीची अक्षता ढेकळे भारताच्या हॉकी संघात. ऋतुजा पिसाळ, तीही आपल्याच तालुक्यातली. २०२३ च्या जूनमध्ये जपानला ज्युनियर आशिया चषकाची अंतिम लढत झाली, कोरियाला २-१ नं हरवून भारतानं पहिल्यांदा तो चषक जिंकला. त्या संघात वैष्णवी आणि ऋतुजा दोघी होत्या. एका संघात फलटण तालुक्यातल्या दोन मुली, आणि त्या दिवशी आपल्या चौकात एक फटाका वाजला नाही. त्याच वर्षी हांगझोऊला आशियाई स्पर्धेत भारताच्या मुलींनी जपानला हरवून कांस्यपदक घेतलं, तिथंही वैष्णवी होती. मी कट्ट्यावर पेढे वाटले. अर्धे जण म्हणाले, "कशाचे? रिझल्ट लागला का?"

आणि मग १९ जानेवारी २०२४. रांचीला ऑलिंपिक पात्रतेचा सामना, पुन्हा जपान. जिंकलं तर पॅरिस, हरलं तर काही नाही. आदल्या दिवशी जर्मनीशी शूटआउटमध्ये हरलो होतो, म्हणजे ही शेवटची दोरी. आम्ही पाच जणी लायब्ररीच्या मागच्या पायऱ्यांवर, एका मोबाइलवर. सुरुवातीलाच जपानचा गोल. मग आपल्याला एकामागून एक पेनल्टी कॉर्नर मिळत राहिले आणि एकही आत जाईना. शेवटच्या पाच मिनिटांत वाखरीकडं जाणारी मैत्रीण उठली, तिची गाडी होती. ती स्टँडकडं पळत पळत फोनवर विचारत होती, "झाला का? झाला का?" नाही झाला. ०-१. ती गाडीत रडली, आम्ही पायऱ्यांवर. क्रिकेटमध्ये हरल्यावर मी कधी रडलेली नाही. ते खेळाडू लांबचे वाटतात. इथं वाटत होतं, की घरातलंच कुणीतरी परीक्षेला बसलंय.

या सगळ्यांत एक गोष्ट सारखी दिसते. प्रवीण, वैष्णवी, अक्षता, सगळ्यांना लहानपणीच घर सोडून प्रबोधिनीत जावं लागलं. जाणारे गेले म्हणून मोठे झाले. पण जे गेले नाहीत त्यांचं काय होतं, ते मी रोज बघते. आमच्या खो-खोच्या मुलींच्या संघाला बारा जणी लागतात. यंदा निवडीला आल्या दहा. खेळता येत नाही म्हणून नव्हे. सराव पाचला, गाडी साडेपाचला. आंतरमहाविद्यालयीन सामन्याच्या आठवड्यात सरांनी पालकांना फोन केले तेव्हा कुठं बारा झाल्या. पहिल्याच फेरीत हरलो. मी त्या बारांतली बारावी, म्हणजे बाकावर. माझा सगळा सामना ओरडण्यात गेला, आणि ते काम मी मनापासून केलं.

२०२५ मध्ये, १९ जानेवारीलाच, दिल्लीत पहिल्या खो-खो विश्वचषकाच्या अंतिम लढती झाल्या. आपल्या मुलींनी नेपाळला ७८-४० नं हरवलं, मुलांनी ५४-३६ नं. मुलींची कर्णधार प्रियांका इंगळे आणि मुलांचा प्रतीक वाईकर, दोघंही महाराष्ट्राचे. त्या रात्री आपल्या सोसायटीतल्या सात मुलींनी, चौथीपासून आठवीपर्यंतच्या, खालच्या मोकळ्या जागेत दिव्याच्या उजेडात खो-खो मांडला. खांबाच्या जागी एका बाजूला प्लॅस्टिकची बादली आणि दुसऱ्या बाजूला देशपांडे आजोबांची कुंडी. आजोबा, कुंडी शाबूत आहे.

अध्यक्ष काका, आता मी जरा अडचणीचं बोलणार आहे. आजचा दिवस गोड बोलायचा आहे, मला कळतं. पण पुढच्या महिन्यात विशेष सर्वसाधारण सभा आहे आणि तिच्या विषयपत्रिकेवर सहावा विषय आहे, 'खुल्या जागेत पेव्हर ब्लॉक बसवून वाहनतळ करणे'. मी सभासद नाही, मला मत नाही, म्हणून इथंच बोलते.

गाड्या वाढल्यात हे खरं आहे. आमच्याच घरात दोन आहेत. रात्री उशिरा येणाऱ्या माणसाला गाडी रस्त्यावर लावावी लागते, मग सकाळी आरसा मोडलेला असतो. चोरीची भीती असते. हे सगळं मला मान्य आहे. पण ती जागा मी मोजली आहे. मघाशी प्रॅक्टिकल सांगितलं ना, त्याच्या सरावासाठी मी आणि माझ्या मैत्रिणीनं टेप लावली. ३१ मीटर लांब, १९ मीटर रुंद. खो-खोच्या मैदानाला पारंपरिक मापानं २७ बाय १६ मीटर लागतं. म्हणजे अख्खं मैदान बसून चारी बाजूंनी मीटर-दोन मीटर उरतं. मी दोनदा मोजलं, कारण पहिल्यांदा खरं वाटलं नाही. पंचवीस वर्षांपूर्वी लेआउट करताना ज्यांनी ही जागा सोडली, त्यांच्या मनात खो-खो नसणार. नियमात होतं म्हणून सोडली असणार. पण सोडली. नकाशात तिला 'खुली जागा' असंच नाव आहे.

तिथं आत्ता 'खेळण्यास सक्त मनाई' अशी पाटी आहे. ती का लावली, तेही मला माहीत आहे. क्रिकेटच्या चेंडूनं तीन काचा फुटल्या होत्या. खो-खोत चेंडूच नसतो, काका. फुटलं तर एखादं गुडघं फुटतं, आणि ते ज्याचं त्याचं.

मला खाशाबा जाधव आठवतात. कराडजवळच्या गोळेश्वरचे, आपल्याच जिल्ह्यातले. १९५२ ला हेलसिंकीला जायला पैसे नव्हते तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. गावानं वर्गणी काढली. कांस्यपदक घेऊन ते परत आले तेव्हा लोक त्यांना बैलगाड्या जुंपून आणायला गेले. त्यांना मी खरे चाहते म्हणते. बैलगाड्यांची मिरवणूक सगळ्यांना आवडते, घर गहाण ठेवणारा एखादाच निघतो. आपल्याला तर घर ठेवायचं नाही, गाडी जरा लांब लावायची आहे.

सभेत चर्चा करताना मधला रस्ता काढता येईल. माझ्या नकाशात मी उत्तरेच्या भिंतीलगत तिरकी पट्टी दाखवली आहे, ती मैदानाच्या बाहेर राहते. तिथं दुचाक्या बसतात. चारचाकींसाठी शेजारच्या रिकाम्या प्लॉटच्या मालकांना भाड्यानं विचारता येईल. ते साताऱ्याला असतात. बाबा म्हणाले आहेत, की ते बोलून बघतील. नकाशाच्या चार झेरॉक्स मी सचिव काकांकडं दिल्या आहेत.

एक शेवटचं. २०२२ मध्ये दिवाळीनंतर फलटणला घडसोली मैदानावर किशोर-किशोरींची राष्ट्रीय खो-खो स्पर्धा झाली होती. देशभरातली चौदा वर्षांच्या आतली पोरं आपल्या गावात आली होती. तेव्हा आपल्या सोसायटीतल्या या सातपैकी दोघी दुसरी-तिसरीत होत्या. त्यांना मी बघायला घेऊन गेले होते, आणि त्या घरी येईपर्यंत जिन्याच्या प्रत्येक पायरीवर एकमेकींना खो देत होत्या. त्या दोघी आज तिथं मागं बसल्या आहेत. पुन्हा कठड्यावर.

येत्या रविवारी सकाळी सात वाजता मी चुन्याच्या दोन पिशव्या आणि टेप घेऊन खाली येते. रेघा आखायला दोन मोठी माणसं लागतील, टेपचं दुसरं टोक धरायला. पाटीचं काय करायचं, ते अध्यक्ष काकांनी ठरवावं. चहा आमच्याकडं.