तीनशे अश्वशक्तीचा हिशेब



युद्धात विमान पडले की ते शत्रूच्या गोळीने पडले, असे आपण सहज धरून चालतो. पहिल्या महायुद्धातील 'डीएच-९' या ब्रिटिश बाँबफेकी विमानाची हकीकत मात्र निराळी आहे.

१३ जून १९१७ रोजी जर्मन गोथा विमानांनी लंडनवर भरदिवसा बाँब टाकले. १६२ माणसे दगावली. लोक खवळले. सरकारने हवाई दल जवळजवळ दुप्पट करण्याचे ठरविले आणि नव्या दलासाठी डीएच-९ची निवड झाली. हे दुपंखी विमान म्हणजे आधीच्या डीएच-४चे सुधारलेले रूप. जुन्यात वैमानिक आणि निरीक्षक यांच्यामध्ये पेट्रोलची टाकी असे. नव्यात दोघे पाठीला पाठ लागून बसले. सुधारणा चोख होती. घात केला तो इंजिनाने.

'प्यूमा' इंजिन तीनशे अश्वशक्ती देईल, असा कागदावरचा अंदाज होता. प्रत्यक्षात सिलिंडरांच्या ओतकामात दोष निघू लागले आणि इंजिन टिकावे म्हणून शक्ती २३० वर आणावी लागली. तोवर मागण्या कारखान्यांकडे गेल्या होत्या. सेनापती ट्रेंचर्ड यांनी नोव्हेंबर १९१७ मध्येच हरकत घेतली. उत्तर मिळाले, हे विमान घ्या, नाहीतर काहीच मिळणार नाही!

पूर्ण भार घेतल्यावर हे विमान जेमतेम १३,००० फूट चढे. शत्रूची लढाऊ विमाने त्याहून वर जात. तांडा एकत्र असला तर बंदुका एकमेकांस राखत. इंजिन बिघडून कोणी परतला की उरलेले उघडे पडत. ३१ जुलै १९१८ रोजी ९९ क्रमांकाच्या तुकडीची बारा विमाने माइन्झकडे निघाली. तीन इंजिनाच्या तक्रारीमुळे परतली. नऊ पुढे गेली. त्यांतली दोनच माघारी आली.

पुढे याच विमानाला मोठे पंख आणि ४०० अश्वशक्तीचे अमेरिकन 'लिबर्टी' इंजिन मिळाले. ते डीएच-९ए युद्धानंतर इराकमध्ये आणि वायव्य सरहद्दीवर कित्येक वर्षे उडत राहिले. म्हणजे सांगाडा मुळात वाईट नव्हता.

नाही त्यापेक्षा अर्धी भाकरी बरी, असे आपण म्हणतो. ती खाणाऱ्याची भूक थोडी तरी भागते. पण कमी शक्तीच्या इंजिनाचे तसे नाही; उरलेली शक्ती उडणाऱ्याला आपल्या जिवाने भरून काढावी लागते. ट्रेंचर्ड यांना मिळालेल्या उत्तरात या माणसाचा हिशेब नव्हता. कागदावरचा आकडा मंजूर करणाऱ्याने तो आधी मांडावा, एवढेच आम्हांस सांगावयाचे आहे.