आंब्यावरचा आळ

श्रोतेहो, ऐन वैशाखात, सोलापूरच्या उकाड्यात तुम्ही व्याख्यानाला येऊन बसलात, त्याबद्दल आधी आभार. विषयही याच दिवसांतला आहे: गळू. नातवाच्या मानेवर केसतूड आलं की आजी म्हणते, "आंबे हादडलेस ना? आता उष्णता बाहेर पडतेय." आंब्यावरचा हा आळ मला आज पुसायचा आहे, कारण खरा गुन्हेगार आपल्या नाकात राहतो.

त्याचं नाव स्टॅफिलोकॉकस ऑरियस. दर तीन-चार धडधाकट माणसांमागे एकाच्या नाकात तो असतो. म्हणजे या सभागृहातही आहेच. एरवी तो गप्प बसतो. उन्हाळ्यात घामोळं उठतं, आपण खाजवतो, नाकातलं बोट मानेवर जातं आणि नखानं पडलेल्या ओरखड्यातून तो आत शिरतो. केसाच्या मुळाशी गेला तर केसतूड, पापणीला रांजणवाडी, नखाच्या कडेला नखुरडं, मधुमेह्याच्या पाठीवर काळपुळी. नावं चार, पण करणारा बहुतेक वेळा हाच.

१८८० साली स्कॉटलंडमधल्या अलेक्झांडर ऑग्स्टन या शल्यविशारदांनी गळवातला पू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तेव्हा त्यांना गोल दाण्यांचे झुबके दिसले. ग्रीक भाषेत द्राक्षांच्या घडाला स्टॅफिली म्हणतात, त्यावरून हे नाव. आपल्या जिल्ह्यातल्या बागायतदारांना ते झुबके डोळ्यांपुढे आणायला सूक्ष्मदर्शक लागणार नाही.

हा जंतू आंब्याप्रमाणे उन्हालाही बदनाम करतो. लग्नाचं जेवण झालं की दोन-चार तासांत पंगतीतले दहा जण उलट्या करू लागतात आणि सगळे म्हणतात, ऊन बाधलं. प्रत्यक्षात बोटाला पिकलेलं नखुरडं असलेल्या कुणीतरी खवा मळलेला असतो आणि तो खवा दुपारभर तसाच पडलेला असतो. जंतू त्यात विष सोडतो. पुन्हा उकळलं तर जंतू मरतो, विष मात्र राहतं.

आता आपल्या गावच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांकडे येतो. १९४१ मध्ये ते चीनमधल्या ज्या रुग्णालयाचे प्रमुख झाले, त्याला नॉर्मन बेथ्यून यांचं नाव दिलेलं होतं. हे कॅनडाचे निष्णात शल्यविशारद १९३९ च्या नोव्हेंबरात गेले. शस्त्रक्रिया करताना बोट कापलं, विष रक्तात भिनलं. एवढंच! पेनिसिलिनचा शोध लागून तेव्हा ११ वर्षं झाली होती. १९२८ मध्ये फ्लेमिंगच्या काचेच्या बशीत बुरशीनं मारले, ते याच द्राक्षघडाचे जंतू. पण शोध लागला तरी औषध कुणाच्या हाती नव्हतं. १९४१ च्या फेब्रुवारीत ऑक्सफर्डला एका पोलिसाला ते टोचलं, तो उठून बसेल असं वाटलं आणि साठा संपला. डॉक्टरांनी त्याच्या लघवीतून औषध परत काढून त्यालाच टोचलं. तरी पुरलं नाही. मार्चमध्ये तो गेला.

लघवीतून गाळून घेण्याइतकं मोलाचं ते औषध १९५५ पासून आपल्या पिंपरीत बनू लागलं. आज आपण सर्दी झाली तरी दुकानदाराकडून अँटिबायोटिकच्या चार गोळ्या मागून घेतो. सर्दीच्या विषाणूला त्यांनी काही होत नाही. नाकातले दुबळे जंतू तेवढे मरतात आणि चिवट मागे राहतात. पेनिसिलिन पचवणाऱ्या जंतूंसाठी १९५९ मध्ये मेथिसिलिन आलं, तर १९६१ मध्ये इंग्लंडात त्यालाही दाद न देणारे जंतू सापडल्याचं जाहीर झालं. रुग्णालयात एमआरएसए म्हणतात, ते हेच.

तेव्हा गळू पिळू नका, विशेषतः नाकाजवळचं आणि वरच्या ओठावरचं. तिथल्या शिरांचा रस्ता मेंदूकडे जातो. पू काढायचा तर डॉक्टरला काढू द्या, पुष्कळदा तेवढ्यानंच काम भागतं. आणि ज्याला वरचेवर गळवं येतात, त्यानं आंबा सोडण्याआधी रक्तातली साखर तपासून घ्यावी.